‘हायपर’ आणि ‘हायपो’ : समान आद्याक्षरांच्या आंग्ल वैद्यकीय शब्दांचा अर्थविचार

विषयप्रवेश

आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आज रिकाम्या हाताने येत नाही. शाहूपुरीसारख्या पेठेत, जेथे रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक हाकेच्या अंतरावर आहे, तेथे राधानगरी, गारगोटी, गडहिंग्लजपासून सीमेपलीकडील निपाणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांच्या हातातील पिशवीत रक्ततपासणीचे अहवाल, सोनोग्राफीचे कागद आणि एखाद्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड असते. हे सर्व कागद इंग्रजीत असतात. रुग्णाला ते वाचता येत नाहीत. त्याने डॉक्टरांकडून जे ऐकले, ते तो आपल्या भाषेत सांगतो.

त्याने सांगितलेला शब्द आणि कागदावर लिहिलेला शब्द यांत पुष्कळदा तफावत पडते. विशेषतः ज्या शब्दांची पहिली अक्षरे सारखी असतात, तेथे ती हमखास पडते. तफावत एका अक्षराची असली तरी अर्थ उलटा होतो आणि अर्थ उलटा झाला की चिकित्साही उलटी होते. म्हणून या लेखात आम्ही अशा शब्दांचा, विशेषतः एच, वाय आणि पी या तीन अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचा, पद्धतशीर विचार करीत आहोत. वैद्यबंधू-भगिनींप्रमाणेच औषधालयाचे चालकही हा लेख वाचतील, हे लक्षात घेऊन औषधांच्या नामसादृश्याचाही विचार शेवटच्या भागात केला आहे.

‘हाय’ या ध्वनीने होणारा भ्रम

मराठी माणसाला ‘हाय’ आणि ‘लो’ हे दोन इंग्रजी शब्द आता घरचे झाले आहेत. ‘बीपी हाय झाला’, ‘शुगर लो झाली’ असे खेडेगावातील वृद्धही सहज म्हणतात. त्यामुळे ‘हाय’ असा ध्वनी कानी पडला की मनात ‘वाढलेले’ हा अर्थ आपोआप उमटतो. ‘हायपर’ या शब्दाबाबत हा अर्थ योगायोगाने बरोबर ठरतो. ‘हायपो’ या शब्दाबाबत तो नेमका उलट ठरतो. ‘हायपो’ म्हणजे कमी. परंतु त्याच्या आरंभी ‘हाय’ ऐकू येतो. रुग्ण ‘हायपोथायरॉईड’ ऐकतो आणि ‘हाय थायरॉईड’ लक्षात ठेवतो.

प्रत्यक्षात ‘उंच’ या अर्थाचा इंग्रजी ‘हाय’ आणि या दोन उपसर्गांतील ‘हाय’ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक शब्द इंग्रजीचा स्वतःचा आहे. दुसरे दोन्ही ग्रीक भाषेतून आलेले आहेत. लेखनातही ते भिन्न आहेत. उंच या अर्थाच्या शब्दात एचनंतर आय येतो, तर या उपसर्गांत वाय येतो.

लेखनाकडे पाहिले असता एक सोपा नियम हाती लागतो. पहिली तीन अक्षरे एच, वाय, पी अशी समान असतील तर चौथे अक्षर वाचावे. चौथे अक्षर ई आणि त्यापुढे आर असेल तर ‘हायपर’, म्हणजे अधिक. चौथे अक्षर ओ असेल तर ‘हायपो’, म्हणजे न्यून किंवा खालचे. चौथे अक्षर एन असेल तर ‘हिप्नो’, म्हणजे निद्रेसंबंधी. ‘हायपो’च्या पुढे स्वर आला की त्याचा ओ लोपतो, हा या नियमाचा अपवाद होय. त्वचेची संवेदना कमी होण्याला जो शब्द आहे, त्यात अमेरिकन लेखनपद्धतीनुसार पीनंतर ई येतो. परंतु त्यापुढे आर नसतो. म्हणून ई दिसताच थांबू नये, पाचव्या अक्षरापर्यंत जावे.

उपरि, उप आणि स्वप्न

हा नियम पाठ करण्यापेक्षा सोपा मार्ग आपल्या हाती आहे, आणि तो संस्कृतातून जातो. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे असे प्रतिपादन केले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतापासून निघालेल्या असाव्यात. पुढील काळात तौलनिक भाषाशास्त्राने हे मत ध्वनिनियमांच्या आधारे सिद्ध केले. बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात आपण सर्वांनी संस्कृतचा अभ्यास केला आहे. तो येथे थेट उपयोगी पडतो.

ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे सगोत्र शब्द आहेत. दोहोंचा मूळ अर्थ ‘वर’ असा आहे. त्यावरून ‘मर्यादेच्या वर’, म्हणजे ‘अति’, असा अर्थ आला. लॅटिनमधील ‘सुपर’ आणि इंग्रजीतील ‘ओव्हर’ हेही याच कुळातील.

ग्रीक ‘हायपो’ आणि संस्कृत ‘उप’ हेही सगोत्र आहेत. ‘उप’ म्हणजे जवळ, खाली, गौण. उपधातु, उपविष, उपरस या संज्ञांत ‘मुख्याहून खालच्या पायरीचे’ हा भाव स्पष्ट आहे. तोच भाव ‘हायपो’त आहे : प्रमाणाच्या खाली किंवा स्थानाने खाली.

ग्रीक ‘हिप्नॉस’ म्हणजे निद्रा, आणि त्याचा संस्कृत भाऊ ‘स्वप्न’ होय. आज मराठीत स्वप्न म्हणजे निद्रेत दिसणारा देखावा. परंतु चरकसंहितेत आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ सांगितले आहेत, तेथे स्वप्न म्हणजे निद्राच. संस्कृतातील आरंभीचा ‘स’ ग्रीकमध्ये ‘ह’ होतो, हा नियम ‘सप्त’ आणि ‘हेप्टा’ या जोडीतही दिसतो. झोपेच्या औषधांच्या वर्णनात ‘हिप्नॉटिक’ शब्द आढळतो, तो याच कुळातला. त्याचा वाढण्या-घटण्याशी संबंध नाही.

तेव्हा अहवालातील शब्द पाहताना मनात संस्कृत प्रतिशब्द आणावा. हायपर म्हणजे उपरि, हायपो म्हणजे उप, हिप्नो म्हणजे स्वप्न. ही तीन समीकरणे एकदा मनात ठसली की ‘हाय’ या ध्वनीचा भ्रम उरत नाही.

थायरॉईड : जेथे दुहेरी गोंधळ होतो

थायरॉईडच्या बाबतीत केवळ कानाचाच नव्हे, तर डोळ्याचाही भ्रम होतो. म्हणून या विषयाकडे थोडे विस्ताराने पाहू.

थायरॉईड ग्रंथीतून टी-थ्री आणि टी-फोर ही संप्रेरके स्रवतात. त्यांचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी टीएसएच या संप्रेरकाद्वारे करते. थायरॉईड मंदावली, म्हणजे टी-फोर कमी झाले, की पिट्यूटरी तिला चालना देण्यासाठी अधिक टीएसएच सोडते. म्हणून नेहमी आढळणाऱ्या हायपोथायरॉईडिझममध्ये टीएसएच वाढलेला असतो. उलट थायरॉईड अतिकार्यक्षम झाली की टीएसएच खूप खाली जातो. आळशी बैलाला चाबूक अधिक लागतो आणि उधळलेल्याला लागत नाही, तसा हा प्रकार आहे.

आता अहवालाचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. टीएसएचच्या आकड्यापुढे ‘वाढलेला’ असे दर्शविणारे एच हे अक्षर छापलेले असते. रुग्णाला सांगितलेला शब्द ‘हायपो’ने सुरू होतो, त्यातही ‘हाय’ ऐकू येतो. कान आणि डोळा दोन्ही एकच खोटी साक्ष देतात, आणि रुग्ण निःशंकपणे सांगतो, “माझा थायरॉईड वाढलाय.” वस्तुतः त्याची ग्रंथी मंदावलेली असते.

याचा चिकित्सेवर होणारा परिणाम लहान नाही. आपल्याकडे ‘थायरॉईड’ शब्द ऐकताच गलगंड आणि ग्रंथी यांचा विचार करून कांचनार गुग्गुळ देण्याचा प्रघात आहे. बल्य म्हणून अश्वगंधाही सर्रास दिली जाते. अश्वगंधेच्या सेवनानंतर थायरॉईड संप्रेरके वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. गुग्गुळातील द्रव्याने थायरॉईडची क्रिया उत्तेजित होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मंदावलेल्या ग्रंथीच्या रुग्णाबाबत वैद्य याचा साधकबाधक विचार करू शकतो. परंतु ज्याची ग्रंथी आधीच उधळली आहे, ज्याला धडधड, कंप, घाम आणि वजन घटणे ही लक्षणे आहेत, त्याला केवळ ‘अशक्तपणा’ पाहून अश्वगंधा देणे धोक्याचे आहे.

निदान पडताळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रुग्णाची चालू गोळी पाहणे. गोळी थायरॉक्सिनची असेल तर रोग सामान्यतः हायपो, म्हणजे न्यून. गोळी कार्बिमाझोलची असेल तर हायपर, म्हणजे अति. मात्र एक ध्यानात असावे. अतिकार्यक्षम ग्रंथी शस्त्रक्रियेने किंवा किरणोत्सारी आयोडिनने निकामी केल्यावर तोच रुग्ण पुढे थायरॉक्सिन घेऊ लागतो. म्हणून शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास विचारल्याखेरीज निष्कर्ष काढू नये.

औषधालयचालकांसाठी येथे आणखी एक सूचना. लोह आणि कॅल्शियम यांच्यामुळे थायरॉक्सिनचे शोषण घटते, म्हणून त्यांत सुमारे ४ तासांचे अंतर ठेवावयास सांगतात. मंडूर, लोहभस्म, शंखभस्म, प्रवाळ ही आपली द्रव्ये लोह आणि कॅल्शियम यांचीच आहेत. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास ही औषधे दुपारनंतर घेण्यास सांगणे युक्त ठरेल.

साखर : जेथे वेळ मिनिटांचा असतो

हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तातील साखर वाढणे, हायपोग्लायसेमिया म्हणजे ती उतरणे. ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली साखर गेली की तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात. ५४ च्या खाली ती अवस्था गंभीर होय. ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा रुग्ण जेवण चुकवतो, किंवा स्वतःच्या मनाने कारल्याचा रस आणि मधुनाशिनीचे चूर्ण त्यात भर म्हणून घेतो, तेव्हा हा प्रसंग ओढवू शकतो. घाम, कंप, भूक, धडधड, पुढे असंबद्ध बोलणे आणि बेशुद्धी असा त्याचा क्रम असतो.

अशा रुग्णाच्या नातेवाइकास ‘हायपो झाला आहे’ असे सांगितले आणि त्याने ते ‘हाय शुगर’ असे समजून घेतले, तर तो साखर हाताशी असूनही देणार नाही. शब्दाचा गैरसमज येथे थेट प्राणावर बेततो. म्हणून मधुमेही रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना आपण ‘हायपो’ हा शब्द वापरूच नये. ‘साखर उतरली’ आणि ‘साखर चढली’ हे स्वच्छ मराठी शब्द वापरावेत. रुग्ण शुद्धीवर असेल तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.

क्षार : एका अक्षराचे दोन फरक

रक्तातील क्षारांच्या अहवालात शब्दसादृश्य सर्वांत दाट आहे. हायपोकॅलेमिया, हायपरकॅलेमिया आणि हायपरकॅल्सेमिया हे तीन शब्द भराभर उच्चारून पाहावेत. पहिल्या दोहोंत उपसर्ग भिन्न. शेवटच्या दोहोंत उपसर्ग तोच, पण द्रव्य भिन्न.

‘कॅलेमिया’तील ‘कॅल’ हे पोटॅशियमच्या ‘कॅलियम’ या लॅटिन नावावरून आले, आणि ते नाव वनस्पतींच्या राखेला असलेल्या अरबी शब्दावरून. इंग्रजी ‘अल्कली’ हा शब्दही तेथूनच आला. राखेपासून क्षार काढण्याची ही कल्पना आपणास परकी नाही. जवाच्या झाडोऱ्याची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून आपण यवक्षार करतो. यवक्षारात मुख्यत्वे पोटॅशियमचीच संयुगे असतात. म्हणजे ‘कॅलेमिया’ या शब्दाच्या पोटात आपला क्षारच दडलेला आहे.

ही व्युत्पत्ती चिकित्सेत उपयोगी पडते. मूत्रकृच्छ्र आणि अश्मरीत आपण क्षारकल्प देतो. परंतु ज्या रुग्णाचे वृक्क दुर्बल झाले आहेत, किंवा जो रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेत आहे, त्याच्या रक्तात पोटॅशियम साचण्याची प्रवृत्ती असते. पोटॅशियमचे प्राकृत प्रमाण सुमारे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर असते. ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. अशा रुग्णाच्या कागदावर ‘हायपरकॅलेमिया’ लिहिले असताना ते ‘हायपो’ समजून क्षार किंवा रोज शहाळ्याचे पाणी सुचविणे अनर्थकारक ठरेल.

याउलट ज्येष्ठमधाचे उदाहरण पाहावे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य कॉर्टिसॉलचे निष्क्रिय रूपांतर करणाऱ्या वृक्कातील विकरास अडवते. त्यामुळे कॉर्टिसॉल ॲल्डोस्टेरोनसारखे वागू लागते. शरीरात सोडियम आणि पाणी साठते, पोटॅशियम मूत्रावाटे जाते. परिणामी रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. एकाच वनस्पतीच्या अतिसेवनाने हायपरटेन्शन आणि हायपोकॅलेमिया दोन्ही एकत्र येतात. फ्युरोसेमाईडसारखे मूत्रल औषध किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास मोठ्या मात्रेत दीर्घकाळ ज्येष्ठमध देताना हे विसरू नये. अल्प मात्रेत, अल्पकाळ वापरलेल्या ज्येष्ठमधाविषयी भीती बाळगण्याचे मात्र कारण नाही.

सोडियमसाठी ‘नॅट्रेमिया’ हा उत्तरार्ध येतो, कारण सोडियमचे लॅटिन नाव नॅट्रियम. त्याचे प्राकृत प्रमाण १३५ ते १४५. वृद्ध रुग्णात मूत्रल गोळीमुळे सोडियम उतरून ग्लानी आणि भ्रम उत्पन्न होतो. त्याच रुग्णास आपण रक्तदाबासाठी ‘मीठ पूर्ण बंद’ असे अपथ्य सांगितले, तर भर पडते. कॅल्शियम वाढल्यास तृष्णा, मलावष्टंभ आणि सुस्ती दिसते. तेव्हा प्रवाळ, शुक्ती, शंख यांचे कल्प चालू आहेत काय, हे पाहावे.

स्थानवाचक ‘हायपो’

‘हायपो’ दिसला की नेहमी ‘कमी’ असाच अर्थ घ्यावा असे नाही. कित्येक शब्दांत तो केवळ स्थान दाखवितो. सोनोग्राफीच्या अहवालात ‘राईट हायपोकॉन्ड्रियम’ असे येते. कॉन्ड्रॉस म्हणजे तरुणास्थी; बरगड्यांच्या तरुणास्थींच्या खालचा उजवा भाग, म्हणजे यकृताचा प्रदेश, असा त्याचा अर्थ. प्राचीन युरोपात खिन्नतेचे मूळ याच प्रदेशात मानीत. त्यावरून काल्पनिक रोगांच्या भीतीने ग्रासलेल्या माणसाला ‘हायपोकॉन्ड्रियाक’ म्हणू लागले. हायपोडर्मिक म्हणजे त्वचेखालील, हायपोथॅलॅमस म्हणजे थॅलॅमसच्या खालचा भाग. या शब्दांचा न्यूनतेशी संबंध नाही. पुढचा शब्द अवयवाचे नाव असेल तर बहुधा ‘खालचा’, आणि कार्याचे किंवा द्रव्याचे नाव असेल तर बहुधा ‘कमी’, असे सामान्यतः समजावे.

‘प्लासिया’ आणि ‘डिस्’ उपसर्ग

वृद्ध पुरुषांच्या सोनोग्राफीत प्रोस्टेटविषयी ‘बिनाईन हायपरप्लासिया’ असा उल्लेख वारंवार असतो. हायपरप्लासिया म्हणजे पेशींची संख्या वाढणे. हायपरट्रॉफी म्हणजे पेशींचा आकार वाढणे. ‘बिनाईन’ म्हणजे सौम्य, कर्करोग नसलेले. रुग्णास धीर देण्याजोगा हा शब्द आहे. परंतु तोंडातील पांढऱ्या चट्ट्याच्या बायोप्सीत ‘डिसप्लासिया’ आला तर तो धीर देण्याचा शब्द नव्हे. तेथे पेशींची घडण बिघडलेली असते आणि ती अवस्था कर्करोगाच्या मार्गावरील असू शकते. तंबाखू-चुन्याचे व्यसन असलेल्या आपल्या भागात हा फरक प्रत्येक वैद्याने जाणलाच पाहिजे.

हा ‘डिस्’ म्हणजे संस्कृत ‘दुस्’च होय. दुष्ट, कष्टकर, बिघडलेले असा त्याचा अर्थ. ‘डिसेंट्री’ या शब्दात ‘दुस्’ आणि ‘आंत्र’ या दोन्ही शब्दांचे ग्रीक सगोत्र एकत्र आले आहेत. डिसयुरिया म्हणजे मूत्रकृच्छ्र, डिस्पनिया म्हणजे श्वासकष्ट. मात्र येथेही एका अक्षराने सावध राहावे. डिसफेजिया म्हणजे गिळण्यास कष्ट, डिसफेझिया म्हणजे भाषेचा, बोलण्याचा दोष. पहिली उत्तरोत्तर वाढत असेल, आधी भाकरी आणि मग पातळ पेजही अडत असेल, तर एंडोस्कोपीस विलंब करू नये. दुसरी अकस्मात उद्भवली असेल तर तो पक्षाघाताचा आरंभ समजून तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

अन्य काही जोड्या संक्षेपाने नोंदवितो. ‘हेमि’ म्हणजे अर्धे, संस्कृत ‘सामि’शी सगोत्र; म्हणून हेमिप्लेजिया म्हणजे अर्ध्या अंगाचा वात. ‘हिमो’ किंवा ‘हिमॅटो’ म्हणजे रक्त. म्हणून हिमॅट्युरिया म्हणजे मूत्रावाटे रक्त. ‘अँटी’ असा एकच उच्चार आपण दोन उपसर्गांचा करतो : प्रसूतिपूर्व तपासणीतील ‘अँटी’ म्हणजे ‘पूर्वी’ आणि धनुर्वाताच्या लशीविषयी बोलताना येणारा ‘अँटी’ म्हणजे ‘विरुद्ध’. इलियम हा शब्द लघ्वांत्राच्या शेवटच्या भागालाही आहे आणि श्रोणीच्या अस्थीलाही. लेखनात केवळ ई आणि आय असा भेद आहे.

औषधालयचालकांसाठी : ‘हायड्रो’ आणि आपली स्वतःची नावे

‘हायड्रो’ हा चौथा सोबती. ग्रीक ‘हायडॉर’ म्हणजे पाणी, संस्कृत ‘उदक’शी सगोत्र. हायड्रोसील, हायड्रोनेफ्रोसिस यांत तो जलवाचक आहे. औषधांच्या नावांत मात्र तो रासायनिक घटक दर्शवितो आणि त्यावरून औषधाचा गुण कळत नाही. हायड्रॅलॅझिन रक्तदाबावरील, हायड्रॉक्सिझिन खाजेवरील, हायड्रोक्लोरोथायाझाईड मूत्रल, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हिवताप आणि आमवातसदृश संधिविकारांवरील. ही नावे परस्परांत मिसळण्याचा धोका ओळखून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ पासून अशा नावांतील भिन्न अक्षरे मोठ्या ठशात लिहिण्याची पद्धत पुरस्कारिली.

हे केवळ इंग्रजी नावांचे दुखणे नव्हे. आपल्या फळीवर लोहासव आणि लोध्रासव, योगराज आणि महायोगराज गुग्गुळ, चंद्रप्रभा आणि चंद्रकला, त्रिफळा आणि त्रिकटू शेजारी शेजारी असतात. महायोगराजात भस्मे आहेत, योगराजात नाहीत. त्रिकटू उष्ण-तीक्ष्ण आहे, त्रिफळा तशी नाही. अकारविल्हे मांडणीत ही नावे नेमकी एकमेकांना चिकटतात. म्हणून सादृश्य असलेल्या नावांच्या बरण्या मुद्दाम वेगळ्या फळीवर ठेवाव्यात आणि भेद दाखविणारे अक्षर लाल शाईने लिहावे.

हीन, मिथ्या, अति : साम्य आणि त्याची मर्यादा

अष्टांगहृदयात काल, अर्थ आणि कर्म यांचे हीन, मिथ्या आणि अति योग हे रोगाचे कारण सांगितले आहे. हायपो म्हणजे हीन, डिस् म्हणजे मिथ्या, हायपर म्हणजे अति, अशी जुळणी केल्यास तिन्ही उपसर्ग आपल्या परिभाषेत बसतात आणि स्मरणास सुलभ होतात.

तथापि ही जुळणी शब्दार्थापुरतीच मानावी. ‘हायपर’ दिसला म्हणून दोषाची वृद्धी आणि ‘हायपो’ दिसला म्हणून धातूचा क्षय असे समीकरण मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. इंग्रजी शब्द एखाद्या मोजलेल्या द्रव्याचे प्रमाण सांगतो. दोषदूष्यांचा विचार संपूर्ण रुग्णाचा असतो. मंदावलेल्या थायरॉईडचा रुग्ण स्थूल, सुस्त आणि कफप्रधान दिसू शकतो. तेथे ‘न्यून’ या शब्दाखाली कफाची वृद्धी असते. शब्द नीट वाचणे हे निदानाचे पहिले पाऊल आहे, निदान नव्हे.

व्यवहारात पाळावयाचे नियम

१. रुग्णाने सांगितलेला ‘हायपर’ किंवा ‘हायपो’ प्रमाण मानू नये. मूळ कागद मागावा.

२. शब्द, आकडा आणि चालू गोळी या तिहींचा मेळ बसतो काय, ते पाहावे. एक जरी विसंगत असेल तरी औषध देण्यापूर्वी थांबावे.

३. आपल्या केसपेपरवर उपसर्गाचे संक्षिप्त रूप लिहू नये. पूर्ण शब्द आणि त्यापुढे मराठीत ‘वाढलेले’ किंवा ‘घटलेले’ असे लिहावे.

४. दूरध्वनीवरून औषध सांगताना किंवा घेताना नावाची अक्षरे फोडून सांगावीत आणि ते औषध कशासाठी आहे, हेही विचारावे.

५. रुग्णास घरी जाण्यापूर्वी विचारावे, “तुम्हाला काय झाले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.” त्याच्या उत्तरावरून गैरसमज तत्क्षणी उघड होतो.

स्वाध्याय

पुढील शब्दांचे अर्थ प्रथम स्वतः लिहून काढावेत आणि मग उत्तरे पडताळावीत : हायपोटेन्शन, हायपरयुरिसेमिया, हायपॉक्सिया, हायपरएमेसिस, हायपोग्लॉसल, हिप्नॉटिक, डिसमेनोरिया.

उत्तरे : रक्तदाब न्यून होणे, रक्तात युरिक ॲसिड वाढणे, ऊतींस प्राणवायू कमी पडणे, येथे दोन ओंपैकी एक लोपला आहे, अतिवमन, विशेषतः गर्भिणीचे, जिव्हेखालील, येथे ‘हायपो’ स्थानवाचक, निद्राजनक, कष्टार्तव.

सातांपैकी सातही बरोबर आले असतील तर उत्तम. एखादा चुकला असेल तर तो शब्द कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावा. अहवालाची पिशवी घेतलेला पुढचा रुग्ण समोर बसेल, तेव्हा तो कागद उपयोगी पडेल.